गिरणी कोणी जाळली

लिप्निकच्या शाळेबद्दल गावात चौकशी केली की दोन गोंताशबाई भेटतात. एक, जिने एकोणतीस वर्षे पोलिश भाषा आणि साहित्य शिकवले आणि एकाही मुलाला वर्गात गाईड उघडू दिले नाही. दुसरी, जिने रेल्वे स्टेशनवर मिळणाऱ्या एका कादंबरीच्या नादी लागून शाळेतल्या सर्वांत वाचनवेड्या मुलीचे वर्ष घालवले. दोन्ही गोष्टी सांगणारी माणसे पुष्कळदा एकच असतात आणि आपण दोन निरनिराळ्या बायकांबद्दल बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मी त्याच शाळेत शिकले, पण बाईंच्या हाताखाली नाही. त्यामुळे त्यांचे ऋण किंवा राग यांपैकी काहीच माझ्याकडे नाही. शाळेचे दप्तर, त्या वर्गातली मुले आणि स्वतः बाई यांच्याकडून जे मिळाले ते ताडून पाहून पुढे दिले आहे. जिथे साक्षी जुळत नाहीत, तिथे तसे सांगितले आहे.

व्हिएस्वावा गोंताश या मूळच्या लिप्निकच्याच. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यांचे स्वतःचे असे एकच पुस्तक होते, ‘ओल्शिनची गिरणी’. ही तीन खंडांची जुनी कादंबरी आमच्याकडे मातुराला, म्हणजे शाळा सोडताना मे महिन्यात द्यावयाच्या परीक्षेला, पिढ्यान्‌पिढ्या नेमलेली आहे. एका जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवायला राहिलेली तेक्ला ही तिची नायिका. दुसऱ्या खंडात गिरणी जळते. त्या वेळी तेक्ला नदीच्या बांधावर उभी असते, म्हणून सारे गाव तिच्यावर संशय घेते आणि ती अवाक्षर बोलत नाही. तिसऱ्या खंडात जमीन मोजणीचे एक लांबलचक प्रकरण आहे. त्याच्या मधोमध, जेमतेम अर्ध्या पानात, गिरणीवाल्याचा मेहुणा मरता मरता कबुली देतो की आग त्याने लावली. मोजणीचे हे प्रकरण मुले गाळतात. बाई ते मोठ्याने वाचून दाखवीत, अगदी मोजणीदाराच्या साखळीच्या कड्यांसकट. वर्ग जांभया देई, बाई वाचत राहत.

“बाईंचा आवाज छान होता,” असे एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितले. “झोप उत्तम लागायची.”

बाई परीक्षकही होत्या. दर मे महिन्यात परगावच्या उत्तरपत्रिका तपासायला त्या मोठ्या शहरात जात. परीक्षकांच्या बोलीत ‘महाचूक’ असा एक शब्द आहे. नेमलेल्या पुस्तकाबद्दल ते वाचलेच नसावे असे दाखवणारे काही निबंधात आले, एखादी घटना उलटी लिहिली किंवा एकाचे कृत्य दुसऱ्याच्या माथी मारले, की संपूर्ण निबंधाला शून्य. आणि निबंधाला शून्य पडले की बाकीचे सारे गुण मिळाले तरी उत्तीर्ण होण्याची रेघ ओलांडता येत नाही. बाई या नियमाच्या बाजूच्या होत्या. शिक्षकसभेच्या इतिवृत्तात त्यांचे एक वाक्य नोंदलेले आहे: “न वाचणाऱ्याला पकडणारा हा एकच सापळा आपल्याकडे उरला आहे.” हे वाक्य मी मुद्दाम देते आहे. पुढे ते त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवले गेले, म्हणून नव्हे. तेव्हा ते खरे होते, म्हणून.

डिसेंबरात बाईंचा नामदिन, म्हणजे पंचांगात त्यांच्या नावाला नेमलेला आणि वाढदिवसासारखा साजरा होणारा दिवस, येतो. वर्गाने नेहमीप्रमाणे फुले दिली. लिदिया ओलेश्चुक या मुलीने मात्र फुलांबरोबर एक पुस्तक दिले. लिद्का म्हणून तिला सारे ओळखत. आई योलांता जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करी, दोन महिने तिकडे आणि एक महिना इकडे. मुलगी आजीकडे वाढली. तिला सुईण व्हायचे होते आणि वैद्यकीय विद्यापीठातल्या त्या अभ्यासक्रमाची जागा तिने मनोमन पक्की केलेली होती. पुस्तक होते ‘तेक्लाची बाजू’. वॉर्सातल्या एका लेखिकेने तीच जुनी गोष्ट तेक्लाच्या तोंडून सांगितली होती आणि ते वर्षभर देशभर धडाक्याने खपत होते. त्यात तेक्ला गप्प बसत नाही. त्यात गिरणी ती स्वतः रॉकेल ओतून पेटवते.

बाईंनी ते नाताळच्या सुट्टीत वाचले. काय वाटले असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “पहिल्या पन्नास पानांना नाक मुरडलं. मग मुरडायचं विसरले.”

नेमलेल्या यादीबाहेरचे एक पुस्तक शिक्षकाला आपल्या मर्जीने शिकवता येते. जानेवारीत बाईंनी त्या जागी ‘तेक्लाची बाजू’ लिहिले. मुख्याध्यापक कुर्पियेल सरांनी ते शिक्षकांच्या खोलीत, सर्वांसमक्ष, त्यांच्या टेबलावरून उचलले.

“बाई, हे? स्टेशनवर वेफर्सच्या शेजारी टांगलेलं असतं हे.”

“वेफर्स पोरं स्वतःच्या पैशांनी घेतात, सर. आपली ‘गिरणी’ कोण घेतं?”

“उद्या ती मेनूकार्डंही आवडीनं वाचतील. ती शिकवायची?”

“चार दिवसांत अख्ख्या वर्गानं वाचलं. अख्ख्या! त्यातली निम्मी आता मूळ पुस्तक मागतायत, ताडून बघायला. एकोणतीस वर्षांत माझ्याकडे कुणी तिसरा खंड मागितला नव्हता.”

“तुम्ही म्हणजे देवळाच्या दारात जत्रा भरवताय.”

“भरवते. दार तरी दिसेल.”

सरांनी सही केली. त्यांच्या मते त्यांनी ती नाइलाजाने केली. बाईंच्या मते हसत. दोघांच्या आठवणी इथे जुळत नाहीत. सही मात्र दप्तरात आहे.

त्या वसंतातले तास मुलांना अजून आठवतात. बाई दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून शिकवीत.

“बाई, तुमची तेक्ला किती गप्प हो! तीन खंडांत चार वाक्यं,” ओक्तावियान नावाचा मुलगा म्हणे. त्याने दोन्हींपैकी एकही उघडलेले नव्हते. वर्गाने चार दिवसांत वाचले या बाईंच्या विधानाला तो अपवाद होता आणि बाईंना ते ठाऊक नव्हते.

“गप्प आहे म्हणूनच शंभर वर्षं लोक तिच्याबद्दल बोलतायत.”

“मग आमच्या आजीवर कादंबरी होणं कठीण आहे.”

वर्ग हसे. लिद्का हसत नसे. तिला खरेच जाणून घ्यायचे असे. “बाई, पण मग खरं कुठलं? मेहुण्यानं जाळली की तिनं?”

“अगं, पहिल्या पुस्तकात मेहुणा कबूल करतो. पण मरणाऱ्या माणसाच्या कबुलीवर विश्वास का ठेवायचा? तो कुणाला वाचवतही असेल. विचार कर.”

हे वाक्य तीन विद्यार्थ्यांनी मला वेगवेगळ्या वेळी जवळजवळ याच शब्दांत सांगितले, आणि बाई ते नाकारत नाहीत. शिक्षक म्हणून यापेक्षा चांगले वाक्य त्यांनी कधी उच्चारले असेल असे मला वाटत नाही.

मे उजाडला. परीक्षेच्या पोशाखातले पांढरे सदरे आणि काळे स्कर्ट, शाळेच्या अंगणात फुललेले चेस्टनट. त्या वर्षी निबंधाचा विषय होता, बंड माणसाला मोठे करते की एकटे पाडते. परीक्षेनंतर दोन आठवड्यांनी बाई उत्तरपत्रिका तपासायला शहरात गेल्या. कोणाची उत्तरपत्रिका कोणाकडे जाते हे कोणालाच कळत नाही. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक असतात आणि आपल्या भागातल्या उत्तरपत्रिका आपल्याकडे येत नाहीत. व्यायामशाळेत मांडलेली टेबले, थर्मासमधला चहा, अंड्याची सँडविचेस. शनिवारी दुपारी त्यांच्या गठ्ठ्यात एक सुरेख निबंध आला. लिहिणाऱ्याने तेक्लाचे बंड घेतले होते: तिने गिरणी पेटवली आणि म्हणून ती एकटी पडली.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग गटप्रमुखाला दाखवला, कारण शून्य देताना दाखवावेच लागते.

“महाचूक?” त्याने विचारले.

“महाचूक.”

“आज सकाळपासूनची तिसरी. सगळ्यांची तेक्लाच. कुठलं तरी नवं पुस्तक आलंय म्हणे. बिचारे.”

बाईंनी शून्य लिहिले. हे त्यांनी मला आपणहून सांगितले; कोणत्या गावचा, कोणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि आजही नाही. परतताना बसमध्ये बसल्यावर मात्र त्यांना आपला वर्ग आठवला. हात तेव्हा नियमाप्रमाणे चालला होता. डोके नंतर चालू झाले.

दुसऱ्या आठवड्यात बाजारात लिद्का स्ट्रॉबेरी घेताना दिसली.

“निबंध कशावर लिहिलास गं?” बाईंनी शक्य तितक्या सहज विचारले.

“बंडावर, बाई! दुसरं कोण सुचणार? तेक्लाच. हात थांबतच नव्हता.”

“गिरणीबद्दल काय लिहिलंस?”

“हेच की तिनं ती पेटवली आणि त्याची किंमत...” मुलगी बोलता बोलता थांबली. “मेहुणा,” ती म्हणाली. “बाई, मेहुण्यानं.”

“एखाद्या वाक्यात आलंय ना? ओझरतं?”

“सगळा निबंध त्याच्यावर उभा आहे.”

“पोरी, किलो देऊ का अर्धा?” स्ट्रॉबेरीवाली ओरडली. “मागं रांग लागलीय!”

लिद्काने अर्धा किलो घेतला. मग तिने विचारले, “परीक्षक समजून घेतील का, बाई? पुस्तक वाचलंय हे दिसतंच ना त्यात? तुम्ही असता तर काय केलं असतंत?”

बाई म्हणाल्या, “बघू या, निकाल लागू दे.” तपासणीबद्दल बाहेर एक अक्षर बोलायचे नाही अशी परीक्षकाची शपथ असते. ती नसती तरी त्या काय सांगणार होत्या, हे मला त्यांना विचारवले नाही.

निकाल लागेपर्यंत काहीच करण्यासारखे नव्हते. काढून घ्यायला उत्तरपत्रिका कोणाच्या हातात नव्हती, बोलायला परीक्षक माहीत नव्हता. बाईंनी ‘ओल्शिनची गिरणी’ पुन्हा काढून शोधले, की कुठे एखादी ओळ अशी आहे का, जिच्या आधारे तेक्लानेच आग लावली असे म्हणता येईल. एक अर्धवट ओळ सापडली. त्या ओळीवर एखादा प्रबंध उभा राहिला असता. निबंधाला तो आधार पुरेसा नव्हता.

लिद्का नापास झाली. वर्गात नापास झालेली ती एकटीच. ओक्तावियानला चांगले बासष्ट टक्के पडले. मी त्याला भेटले तेव्हा तो टायरच्या दुकानात कामाला होता.

“मी गाईडची शेवटची पानं बसमध्ये वाचली,” तो म्हणाला. “त्यात ठळक अक्षरांत छापलंय, ‘गिरणी कोणी जाळली? गिरणीवाल्याच्या मेहुण्याने.’ चुकायला जागाच नाही. लिहा तुम्ही, की मला लाज वाटते.”

“वाटते का?”

“थोडी. पण बाईंचं जास्त वाईट वाटतं. म्हणजे, त्यांच्याबद्दल.”

उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला असतो. बाई लिद्काबरोबर शहरात गेल्या. आत फक्त तिला सोडले. बाई व्हरांड्यात बाकावर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने मुलगी फोनमध्ये पानांचे फोटो घेऊन बाहेर आली. ते फोटो मी पाहिले आहेत. दुसऱ्या पानावर तिने लिहिले आहे की गाव तेक्लाला असे मोजत होते, जसा मोजणीदार साखळीने शेत मोजतो, कडी कडी करून. मोजणीदाराची साखळी नव्या कादंबरीत नाही, गाईडमध्येही नाही. ती फक्त तिसऱ्या खंडातल्या त्या कंटाळवाण्या प्रकरणात आहे, आणि मेहुण्याची कबुली तिच्या पुढच्याच पानावर आहे. म्हणजे मुलीने ते प्रकरण वाचले होते. की केवळ वर्गात बाईंच्या तोंडून ऐकले होते? लिद्का म्हणते वाचले होते. हा पुरावा न्यायालयात टिकणार नाही, हे मला मान्य आहे. मला तो पुरेसा वाटतो.

बाईंनी फेरविचाराचा अर्ज लिहायला मदत केली. त्यात साखळीचा उल्लेख केला आणि शेवटी लिहिले, की विद्यार्थिनीला दोन्ही पुस्तके एकत्र मी शिकवली, तेव्हा गोंधळाची जबाबदारी माझी आहे. उत्तर सभ्य भाषेत आले. निबंधात वस्तुस्थितीची चूक आहे. ती कशी झाली याचा विचार करण्याची तरतूद नाही. परीक्षक म्हणून बाईंना हे उत्तर अर्ज लिहिण्याआधीच पाठ होते.

आई जर्मनीहून आली ती तडक बाईंच्या दारात.

“बाई, मला नीट समजावून सांगा. ही गिरणी खरी आहे का?”

“नाही, योलांता. कादंबरीतली.”

“म्हणजे कुणीच जाळलेली नाही.”

“तसं म्हटलं तर नाही.”

“मी तिकडे एका म्हाताऱ्याला भरवते. तो रोज बायकोला बहिणीच्या नावानं हाक मारतो. त्याला कुणी शून्य देत नाही, वर केक देतात.” मग ती खुर्चीवर बसली आणि आवाज उतरला. “पोरगी खूप वाचते म्हणून मी गावभर मिरवलं हो. तिकडच्या बायकांनाही सांगितलं. आता ती म्हणते, आई, वाचलं म्हणून बुडाले. ह्यावर मी काय बोलू? तुम्ही काय बोलाल?”

बाईंनी चहा ठेवला.

ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा असते. ती पास झाली तरी विद्यापीठाची मुख्य यादी जुलैतच भरून जाते, हे तिघींनाही ठाऊक होते. प्रमाणपत्र तरी हाती यावे म्हणून लिद्का रोज सकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात येऊ लागली. पहिल्या दिवशी टेबलावर चेरीच्या सरबताचा जग होता आणि शेजारी गाईड होते. बाईंनी ते स्वतः दुकानातून आणले होते. दुकानदार सांगतो की त्यांनी ते कागदात गुंडाळून मागितले. बाई म्हणतात, तसे काही नाही, पाऊस होता.

“दोन्ही कादंबऱ्या घरी ठेव,” त्या लिद्काला म्हणाल्या. “परीक्षा होईपर्यंत ह्याच्याशिवाय काही वाचायचं नाही.”

“बाई, तुम्ही सांगताय हे?”

“मी विचारते, तू उत्तर दे. गिरणी कोणी जाळली?”

“गिरणीवाल्याच्या मेहुण्यानं.”

“आगीच्या वेळी तेक्ला कुठे होती?”

“बांधावर उभी.”

“गावाला काय वाटलं?”

“तिनंच लावली असं.” लिद्का पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली. तो आला नाही, तेव्हा तिने स्वतःच विचारले, “ती पळून का जात नाही, बाई? खरं माहीत असून गप्प का राहते?”

“ते विचारणार नाहीत,” बाई म्हणाल्या. “पुढचं पान.”

ऑगस्टमध्ये लिद्का उत्तम गुणांनी पास झाली. सुईणीच्या अभ्यासक्रमात जागा उरली नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, चर्चसमोरून जर्मनीला जाणारी जी छोटी बस निघते, तिच्यातून लिद्का आईबरोबर गेली. एक वर्ष काम करून परत येईन, असे तिने आजीला सांगितले. ती अजून तिकडेच आहे. काय वाचतेस, असे मी फोनवर विचारले. “रुग्णांच्या औषधांची पत्रकं,” ती म्हणाली. “त्यात चुकले तर कुणी तरी मरेल, म्हणून बारकाईनं वाचते.” ती हसली की कसे, हे फोनवर नीट कळले नाही.

बाईंच्या निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत. त्या सप्टेंबरात सत्राच्या पहिल्या सभेत कुर्पियेल सर भाषेच्या प्रत्येक शिक्षकाला मर्जीच्या पुस्तकाचे नाव विचारत त्यांच्यापाशी आले. त्यांनी मागच्या वर्षीचा विषय काढला नाही. सर वाईट माणूस नाहीत.

“बाई, यंदा काय लिहू? एखादं जुनं, भारदस्त? की पोरांच्या आवडीचं? तुम्ही म्हणाल ते.”

“तुम्हीच लिहा, सर.”

“अहो, मी गणिताचा माणूस. मी काय लिहिणार?”

“काहीही लिहा.”

सरांनी काहीतरी लिहिले आणि ते पुढच्या शिक्षकाकडे वळले. काय लिहिले ते बाईंनी विचारले नाही. तास सुरू व्हायचा होता, म्हणून त्या उठून वर्गाकडे गेल्या.